सगळंच 'बॉर्डरलाइन' आलंय! मेटाबॉलिक सिंड्रोम कितपत मनावर घ्यायचा?

बेरीजवजाबाकी

मंडळी नमस्कार. वय ४७, उंची १७० सेंमी, वजन ८४, काम दिवसभर खुर्चीतलं, दारू-सिगरेट नाही. दरवर्षी ऑफिसतर्फे रक्त तपासतात आणि दरवर्षी मी तो कागद ड्रॉवरमध्ये टाकतो, यंदा डॉक्टरांनी तो समोर ठेवून पेनाने गोल मारले. फास्टिंग शुगर १०६, ट्रायग्लिसराईड १७८, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ३७, बीपी १३२/८६. मग उठून टेप आणली, पोटाचा घेर ९६ सेंमी. म्हणाले पाचपैकी पाच, तुम्हाला मेटाबॉलिक सिंड्रोम आहे, तीन महिने देतो, काहीतरी करा मग बघू. गोळी एकही नाही.

बाकीचे आकडे पण देऊन ठेवतो, टोटल कोलेस्टेरॉल १९१, एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) ११८, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.८, सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर ग्रेड १'.

आता माझं म्हणणं असं की यातला एकही आकडा धड आजारी म्हणावा असा नाही. डायबेटिस नाही, बीपीची गोळी लागत नाही, लॅबवाल्यांनी पण बॉर्डरलाइनच छापलंय. मग पाच बॉर्डरलाइन एका दोरीत बांधल्या की आजार कसा काय होतो? आणि समजा होतोच, तर सुरुवात कुठून करायची? बायको म्हणते वजन उतरव, जिमवाला म्हणतो कार्ब बंद, मित्र म्हणतो चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतंच, कशाला जिवाला त्रास. जाणकारांनी जरा इस्कटून सांगावं.

मी_आलोच

+१. सेम टू सेम, फक्त माझी कंबर तुमच्यापेक्षा दोन इंच पुढे आहे. बसतो इथेच.

पाणवठा

आधी व्याख्या सांगते म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. २००९ साली जगभरातल्या हृदयरोग आणि डायबेटिसच्या मोठ्या संघटनांनी मिळून एक यादी ठरवली, त्यातले कुठलेही तीन असले की मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणायचं. पोटाचा घेर, आशियाई पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० च्या पुढे. ट्रायग्लिसराईड १५० किंवा जास्त. एचडीएल पुरुषांत ४० च्या खाली, बायकांत ५० च्या खाली. बीपी वरचं १३० किंवा खालचं ८५. उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. यातल्या एखाद्या गोष्टीसाठी गोळी चालू असेल तर आकडा नॉर्मल आला तरी तो मुद्दा मोजायचाच, हे खूप जण विसरतात आणि "गोळीने सगळं नॉर्मल आहे" म्हणून स्वतःला यादीतून वगळून टाकतात.

घेराचा आकडा वंशानुसार बदलतो, युरोपीय पुरुषांना ९४ धरतात, अमेरिकेत जुन्या यादीत १०२ होता. त्यामुळे नेटवर कुठलातरी इंग्रजी लेख वाचून "मी तर १०० च्या आत आहे" असं समाधान करून घेऊ नका. आपल्याकडची शरीरं कमी घेरातच बिघडायला लागतात.

एलडीएल या यादीत नाहीच. म्हणजे सिंड्रोम नसला तरी एलडीएल बघावं लागतं आणि असला तरी वेगळं बघावं लागतं.

आणि "बॉर्डरलाइनच तर आहे" याचं उत्तर. ज्यांना हा प्रकार असतो त्यांना पुढे टाइप २ डायबेटिस होण्याची शक्यता साधारण पाचपट आणि हार्ट अटॅक-स्ट्रोकची साधारण दुप्पट धरतात. बॉर्डरलाइन हा शब्द प्रत्येक आकडा एकेकटा बघून छापलेला असतो. लॅबचं मशीन सगळं एकत्र बघत नाही, ते काम डॉक्टरचं, आणि तुमच्या डॉक्टरांनी ते केलंय. टेप काढून कंबर मोजणारा डॉक्टर हल्ली दुर्मिळ, जपा त्यांना.

उलटतपासणी

जरा दुसरी बाजू. १९८८ मध्ये जेराल्ड रीव्हन या अमेरिकन डॉक्टरांनी हे सगळं एका जागी मांडलं आणि त्याला 'सिंड्रोम एक्स' म्हटलं. गंमत म्हणजे त्यांच्या यादीत पोट नव्हतंच, त्यांचा सगळा रोख इन्सुलिन रेझिस्टन्सवर, म्हणजे शरीर इन्सुलिनचं नीट ऐकत नाही त्यावर, होता. पुढे २००५ मध्ये अमेरिकन आणि युरोपियन डायबेटिस संघटनांनी मिळून एक निवेदन काढलं, त्यात त्यांनी सरळ विचारलं की हे लेबल लावून रुग्णाला नवीन काय मिळतं, ज्या त्या गोष्टीवर उपचार करायचेच आहेत ना? खुद्द रीव्हनही शेवटी या निदानाच्या विरोधात लिहीत होते.

शिवाय बघा, साखर ९९ असली तर तुम्ही बाहेर आणि १०० ला आत. वय नाही, सिगरेट नाही, एलडीएल नाही, घराण्याचा इतिहास नाही. ही कसली जोखमीची मोजणी? मूळ धागाकर्त्याची शंका अगदीच फालतू नाहीये एवढंच म्हणायचंय.

पाणवठा

उलटतपासणी, लेबलबद्दल सहमत. हार्टची जोखीम मोजायची तर त्यासाठी वेगळे कॅल्क्युलेटर आहेत, त्यात वय, सिगरेट, कोलेस्टेरॉल सगळं येतं. पण माझ्या मते लेबलचा एक उपयोग नक्की आहे, पाच गोष्टींच्या पाच गोळ्या सुरू करण्याआधी माणूस मूळ कुठे आहे ते शोधतो.

बेरीजवजाबाकी, तुमच्याच आकड्यांवर सांगते, जरा लांबेल.

जास्तीची ऊर्जा चरबी होऊन कातडीखाली साठते तोवर फारसं बिघडत नाही. पण ही कातडीखालची जागा प्रत्येकाची वेगळी, ती बरीचशी जन्मजात ठरलेली. माळा भरला की सामान जिन्यात यायला लागतं, तशी ती चरबी मग आतड्यांभोवती, लिव्हरमध्ये, स्नायूंत, स्वादुपिंडात शिरते. लिव्हरमध्ये साचली की लिव्हर इन्सुलिनचं नीट ऐकत नाही. तुम्ही रात्रभर काही खाल्लेलं नसतं तरी ते साखर सोडत बसतं, ही झाली तुमची सकाळची १०६. जादा चरबी ते व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरून रक्तात सोडतं, हे झाले १७८ ट्रायग्लिसराईड. रक्तात या कणांची एचडीएलशी देवाणघेवाण चालते, त्यात एचडीएलचे कण ट्रायग्लिसराईडने भरतात आणि असे कण शरीर लवकर मोडीत काढतं, म्हणून ३७. इन्सुलिनचं ऐकलं जात नाही म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, ते किडनीला मीठ धरून ठेवायला लावतं, त्यातून बीपीला हातभार. आणि हे सगळं जिथून सुरू झालं ते बाहेरून दिसतं ९६ सेंमी म्हणून. ग्रेड १ फॅटी लिव्हर रिपोर्टात शेवटच्या ओळीत आलंय पण माझ्या मते तुमच्या कागदावरची सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच.

अजून एक. ट्रायग्लिसराईड जास्त असले की एलडीएलचे कण बारीक आणि संख्येने जास्त असतात, त्यामुळे ११८ हा आकडा वाटतो तेवढा निरुपद्रवी नसतो. अशा वेळी टोटलमधून एचडीएल वजा करायचं, १९१ वजा ३७, १५४. याला नॉन-एचडीएल म्हणतात, त्याला वेगळी टेस्ट लागत नाही आणि अशा लोकांमध्ये ते एलडीएलपेक्षा खरं बोलतं.

मी_आलोच

माळा आणि जिना!! आता कळलं. माझा भाऊ माझ्यापेक्षा वीस किलोने जाड, त्याचे रिपोर्ट चकाचक आणि माझे असे. त्याचा माळा मोठा म्हणायचा.

पाणवठा

अगदी तेच. न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर याच कल्पनेवर काम करतात. कुणाचं वजन दिसायला बेतात असतं पण त्याच्या शरीराला तेवढंही जास्त झालेलं असतं. म्हणून बीएमआय नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहू नका, घेर उंचीच्या निम्म्याच्या आत आहे का ते बघा. १७० उंचीला ८५.

बेरीजवजाबाकी

बाप रे, म्हणजे ११ सेंमी जास्त. पण मी पँट तर ३६ ची घालतो.

धापाटाकी

पँटीचा नंबर सोडा हो, पँट आपण पोटाखाली बांधतो आणि कंपन्या नंबर मोठ्या मनाने लावतात. घेर असा मोजायचा: शर्ट वर, आरशासमोर उभं राहायचं, बाजूला शेवटची बरगडी चाचपायची, मग खाली कमरेच्या हाडाची वरची कड चाचपायची, दोन्हीच्या बरोब्बर मध्ये टेप. टेप मागे घसरते, ती आडवी सरळ आहे ना ते आरशात बघायचं, कातडीत रुतू द्यायची नाही. नेहमीसारखा श्वास सोडायचा आणि त्या क्षणी आकडा वाचायचा. पोट आत ओढलंत तर पुन्हा मोजा 😀

आणि "चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतं" हे तुमच्या मित्राला सांगा की २०२१ मध्ये 'सायन्स' मासिकात हर्मन पॉन्त्झर आणि मंडळींनी हजारो लोकांच्या मोजमापांचा अभ्यास छापलाय, आठ दिवसांच्या बाळांपासून पंचाण्णव वर्षांच्या आजोबांपर्यंत. शरीराचा आकार आणि स्नायू-चरबीचा हिशोब लावल्यावर २० ते ६० या वयात ऊर्जेचा खर्च जवळपास सपाट राहतो, साठीनंतर हळूहळू उतरतो. चाळिशीत इंजिन मंद होत नाही, आपण बसतो जास्त, झोपतो कमी, आणि स्नायू झिजत जातात. स्नायू हा मुद्दा कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतोय. जेवणानंतरच्या साखरेतला मोठा वाटा स्नायू उचलतात, आणि चालता स्नायू ती साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही आत घेऊ शकतो. इन्सुलिनचं दार अडकलेल्या माणसाला हे केवढं मोठं मागचं दार आहे बघा. म्हणून जेवलं की दहा-पंधरा मिनिटं चाला, घाम येईपर्यंत नको, नुसतं चाला, आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचला किंवा स्वतःचं वजन वापरा, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं हीसुद्धा सुरुवातच आहे.

कार्बमुक्त

एवढं पुराण कशाला, कार्ब शून्यावर आणा, महिन्याभरात ट्रायग्लिसराईड निम्मे. मी केलंय. डॉक्टर लोक सांगत नाहीत कारण गोळ्या खपायच्या असतात.

उलटतपासणी

तुम्ही एलडीएल बघितलंत का नंतर?

कार्बमुक्त

एलडीएल हा बागुलबुवा आहे.

पाणवठा

कार्ब कमी केले की ट्रायग्लिसराईड झपाट्याने उतरतात हे खरं आहे, विशेषतः साखर आणि गोड पेयं बंद केली की, कारण त्यातलं फ्रुक्टोज लिव्हरमध्येच जाऊन तिथे चरबी बनतं. इथवर वाद नाही. पण काही लोकांचं एलडीएल अशा आहारात भयंकर वर जातं, आणि एलडीएल धमन्या खराब करतं यावर जनुकांच्या अभ्यासापासून औषधांच्या चाचण्यांपर्यंत सगळे पुरावे एकाच दिशेने बोट दाखवतात, तो बागुलबुवा नाही. तेव्हा करायचं तर दोन-तीन महिन्यांनी लिपिड पुन्हा तपासून करा.

आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाला डायबेटिसची औषधं चालू असतील त्यांनी हे वाचून स्वतःच्या मनाने काही सुरू करू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी असेल तर साखर धोकादायक खाली जाईल. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्या असतील तर कार्ब एकदम बंद केल्यावर कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्तात घातक प्रमाणात आम्ल साचणं, होऊ शकतो, आणि त्यात साखर फारशी वाढलेली दिसत नाही म्हणून तो लवकर लक्षातही येत नाही. डॉक्टरांना सांगून करा.

निशिगंधा

माझा प्रश्न थोडा वेगळा. वय ५१, पाळी जाऊन वर्ष झालं. आयुष्यभर मी बारीक, खाणं तेच, चालणं तेच. वजन तीनच किलो वाढलं पण सगळं पोटावर, हातपाय तसेच काडी. कोलेस्टेरॉल पहिल्यांदाच वाढलेलं आलं. नवरा म्हणतो एचडीएल ४४ आहे, चांगलं आहे की, माझं तर ३६ आहे. बाकी मला बाळंतपणात शुगर वाढली होती, नंतर नॉर्मल झाली म्हणून विषय तिथेच संपला होता.

पाणवठा

निशिगंधा, विषय संपलेला नसतो. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे टाइप २ होण्याची शक्यता कितीतरी पटीने जास्त असते, म्हणून दर एक ते तीन वर्षांनी साखर तपासायला सांगतात, आयुष्यभर. आणि हे सांगायला सहसा कुणी उरलेलं नसतं, कारण बाळंतपणाची फाईल एका डॉक्टरकडे आणि पन्नाशीची दुसऱ्याकडे. गरोदरपणात बीपी वाढलं असेल किंवा पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोनचा विकार) असेल तर तेही सांगायचं.

पाळी जाताना इस्ट्रोजेन कमी होतं आणि चरबी मांड्या-नितंबांकडून पोटाच्या आत सरकते, एलडीएलही याच काळात चढतं. तुमचं खाणं-चालणं चुकलं असं नाही, नियम बदलले. आणि नवऱ्याला सांगा बायकांना एचडीएलची रेघ ५० वर आहे. ४४ तुमच्यासाठी कमीच. थायरॉईडची टेस्ट, टीएसएच, एकदा करून घ्या, या वयात मंदावलेलं थायरॉईडही कोलेस्टेरॉल वाढवून जातं. एचबीएवनसी करणार असाल तर हिमोग्लोबिन पण बघा, लोहाची कमतरता असली तर एचबीएवनसी उगाच जास्त दिसू शकतं.

निशिगंधा

थँक्यू ताई. नवऱ्याला धाग्याची लिंक पाठवली आहे, ३६ वाल्याला.

झोपाळू

घोरण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझं बीपी दोन गोळ्यांनी पण खाली येईना. बायको कित्येक वर्षं सांगत होती की तू घोरता घोरता मधेच गप्प होतोस आणि मग दचकून श्वास घेतोस, मी म्हणायचो तुला झोप लागत नाही म्हणून ऐकू येतं. शेवटी स्लीप टेस्ट केली तर तासाला २८ वेळा श्वास अडत होता, १५ च्या पुढे मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र धरतात. झोपेत श्वास चालू ठेवणारं मशीन लावतो आता. बीपी थोडंसं उतरलं, जादू नाही, वजन तर मशीनने एक ग्रॅम उतरत नाही हे आधीच सांगतो, पण दुपारी डुलक्या बंद झाल्या आणि संध्याकाळी बाहेर पडायची ताकद आली, बाकीचं त्यामुळे सुरू झालं. मानेचा घेर जाड, बीपी हट्टी, दिवसा झोप, एवढं असेल तर टेस्ट करा.

बेरीजवजाबाकी

घोरतो मी, पण गप्प होत नाही असं घरातून कळलं.

बीपीबद्दल विचारायचं होतं. दवाखान्यात १३२/८६, घरी मशीन आणलं तर कधी १२२ कधी १४१. मशीन खराब की मी?

धापाटाकी

बहुतेक दोघेही नाही, पद्धत. अर्धा तास आधी चहा-कॉफी-सिगरेट-व्यायाम नाही, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीला, पायावर पाय नाही, पाच मिनिटं गप्प बसायचं, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीला टेबलावर. मोजताना बोलायचं नाही, मोबाईल पण नाही. दंड जाड असेल आणि पट्टा छोटा असेल तर आकडा खोटाच जास्त येतो, पट्ट्यावर सेंमी छापलेले असतात ते बघा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर, पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी. घरच्या सरासरीत १३५/८५ म्हणजे दवाखान्यातले १४०/९०. सुटा एक आकडा घेऊन घाबरू नका आणि सुटा एक आकडा घेऊन खूशही होऊ नका.

मी_आलोच

एचडीएल वाढवायला काय घ्यायचं? कॅप्सूल मिळतात म्हणे. आणि लिव्हर डिटॉक्सचा काढा रोज ग्रुपवर येतो.

उलटतपासणी

एचडीएलच्या औषधांचा इतिहास वाचा, भारी करमणूक आहे. टॉरसेट्रापिब नावाच्या गोळीने एचडीएल सणसणीत वाढवलं आणि २००६ मध्ये तिची मोठी चाचणी थांबवावी लागली, कारण गोळी घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले. मग नायसिन, म्हणजे बी३ जीवनसत्त्व. स्टॅटिनच्या (एलडीएल उतरवणाऱ्या गोळीच्या) जोडीला देऊन २०११ मध्ये चाचणी थांबवली, एचडीएल वाढलं, अटॅक काही कमी झाले नाहीत. एचडीएल बिघाड दाखवतं, ते ओढून वर नेल्याने बिघाड दुरुस्त होत नाही.

काढ्याबद्दल: लिव्हरमधली चरबी उतरते ती वजन उतरल्याने. उलट काही काढ्या-सप्लिमेंटांनीच लिव्हरला इजा होते.

पाणवठा

अनुमोदन. लिव्हरसाठी एक साधा हिशोब मात्र घरबसल्या करता येतो, त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एएसटी, भागिले (प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ). एएसटी-एएलटी म्हणजे रक्ततपासणीतली लिव्हरची एन्झाइम्स. बेरीजवजाबाकी, तुमचे आकडे द्या.

बेरीजवजाबाकी

एएसटी ३४, एएलटी ५२, प्लेटलेट २४०.

पाणवठा

४७ गुणिले ३४ म्हणजे १५९८. ५२ चं वर्गमूळ ७.२, गुणिले २४० म्हणजे साधारण १७३०. भागाकार ०.९२. १.३ च्या खाली आहे, म्हणजे लिव्हरमध्ये घट्ट व्रण धरले असण्याची शक्यता सध्या कमी. १.३ च्या वर आला असता तर फायब्रोस्कॅनचं (लिव्हर किती घट्ट झालंय ते मोजणाऱ्या तपासणीचं) विचारायला सांगितलं असतं. ६५ च्या पुढच्या लोकांना ही रेघ २ धरतात. आणि एएलटी नॉर्मल म्हणजे लिव्हर नॉर्मल असं नसतं, फॅटी लिव्हर असलेल्या खूप लोकांचं एएलटी नॉर्मलच येतं.

आता तुमचा "सुरुवात कुठून". अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, निकाल २००२ मध्ये आले. प्री-डायबेटिसचे ३२३४ लोक, एका गटाला दोनच लक्ष्यं, वजन ७ टक्के कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्याइतका व्यायाम. दुसऱ्या गटाला मेटफॉर्मिन, डायबेटिसची गोळी. जवळपास तीन वर्षांत डायबेटिस होण्याचं प्रमाण पहिल्या गटात ५८ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी. तुमचे ७ टक्के म्हणजे सहा किलो. चोवीस नाही, सहा. कॉलेजातलं वजन परत आणायचा नाद सोडा. लिव्हरमधली चरबी सगळ्यात आधी उतरते त्यामुळे आकडे आरशाच्या आधी सुधारतात. आहार कुठलाही घ्या, ज्यात साखर आणि मैद्यासारखी पिठं कमी, डाळी-कडधान्यं-भाज्या भरपूर, प्रथिनं पुरेशी, आणि जो पुढच्या वर्षीही जमेल.

मी_आलोच

आणि ती वजन उतरवायची इंजेक्शनं? आमच्या ऑफिसात एकाने पंधरा किलो उतरवले.

पाणवठा

सेमाग्लुटाईड. २०२१ च्या मुख्य चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, आणि २०२३ मध्ये हृदयविकार असलेल्या जाड लोकांत अटॅक-स्ट्रोक वगैरे २० टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. तेव्हा ते फॅड नाही, खरं औषध आहे. पण थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं, हेही त्याच लोकांवर बघितलंय. म्हणजे बीपीच्या गोळीसारखं लांब चालणारं प्रकरण. उतरलेल्या वजनात स्नायूही असतात, म्हणून धापाटाकी म्हणतात ती वजनं उचलणं तिथे तर जास्तच हवं. कुणाला द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, ऑफिसातला माणूस नाही.

बेरीजवजाबाकी

मंडळी, धागा वर काढतोय. डॉक्टरांनी दिलेली मुदत संपली, रिपोर्ट आले. वजन ८० वर आलंय, म्हणजे सहा काही झालं नाही, चार झालं. घेर ९१. ट्रायग्लिसराईड १२१. फास्टिंग १०१. घरचं बीपी सरासरी १२४/७९. एएलटी ३३. एचडीएल ३८, ढिम्म हललं नाही. एलडीएल ११६. गोड पेयं बंद, रात्रीचं जेवण लवकर आणि त्यानंतर चालणं, आठवड्यातून दोनदा वजनं. रविवारी काही पाळत नाही, हे आधीच सांगतो.

उलटतपासणी

अभिनंदन. घेर ९१, शुगर १०१, एचडीएल ३८. पाचपैकी तीन. कागदावर तुम्हाला अजूनही मेटाबॉलिक सिंड्रोम आहे 😀 एक सेंमी आणि दोन पॉइंटने.

धापाटाकी

घ्या, हेच तर तुम्ही म्हणत होतात की रेघ मूर्ख आहे. एएलटी ५२ चं ३३ आणि ट्रायग्लिसराईड १७८ चे १२१ म्हणजे लिव्हर रिकामं होतंय, त्यात सगळं आलं. चार किलोत पाच सेंमी गेले हे मला जास्त आवडलं, स्नायू टिकलेत.

उलटतपासणी

मान्य हो, चिडवतोय.

बेरीजवजाबाकी

डॉक्टरपण तेच म्हणाले, चालू ठेवा. फक्त त्यांनी जाता जाता विचारलं घरात कुणाला हार्टचं, मी म्हटलं वडिलांना ५२ व्या वर्षी अटॅक आला होता, पण ते सिगरेट ओढायचे. तर एकदम स्टॅटिनचं बोलायला लागले. मला कळेना, आकडे सुधारलेत आणि गोळी आत्ता?

पाणवठा

अहो हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हार्टचा त्रास झाला असेल तर तो लवकर आलेला धरतात आणि मुलांची जोखीम त्यामुळे वर जाते, सिगरेट असो नसो. चालण्याने साखर-ट्रायग्लिसराईड उतरले पण तुमचं एलडीएल ११८ चं ११६ झालंय, म्हणजे ते या वाटेने फारसं हलणार नाही असं दिसतंय. ही दोन वेगळी कामं आहेत, एक केलं म्हणून दुसरं रद्द होत नाही. डॉक्टरांना लिपोप्रोटीन-ए बद्दल विचारा, हा रक्तातला एलडीएलसारखाच एक कण, ही टेस्ट आयुष्यात बहुधा एकदाच लागते, ते जवळजवळ सगळं आनुवंशिक असतं आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाईलमध्ये येत नाही. ते जास्त आलं तर गोळीचा निर्णय सोपा होतो. कमी आलं आणि तुमचं मन तयार नसेल तर हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम दाखवणारा सीटी स्कॅन करतात, त्यावरून ठरवता येतं.

मी_आलोच

पण स्टॅटिनने शुगर वाढते ना? यांची आधीच १०१.

पाणवठा

थोडी वाढते, खरं आहे, आणि ज्यांची आधीच काठावर असते त्यांनाच डायबेटिसच्या रेघेपलीकडे जाण्याची शक्यता जास्त. तरी ज्यांची जोखीम खरंच जास्त आहे त्यांच्यात टळणारे अटॅक-स्ट्रोक त्याहून मोलाचे ठरतात, म्हणून साखर काठावर आहे एवढ्यासाठी स्टॅटिन नाकारत नाहीत, साखर तपासत राहतात. आधी जोखीम किती ते ठरू दे.

बेरीजवजाबाकी

लिपोप्रोटीन-ए लिहून घेतलं. त्याला उपाशी राहावं लागतं का?

पाणवठा

त्याला नाही, कधीही देता येतं. पण त्याच सुईत ट्रायग्लिसराईड आणि शुगर पुन्हा करणार असाल तर रात्रभर उपाशी जा, पाणी चालेल. आणि भावंडांना पण करायला सांगा.